अण्णांचा बेल्ट, माझी नळी

मंगळवार, संध्याकाळी साडेसात

स्वतःचाच संताप येतोय. आमच्या गॅरेजात आलेल्या डॉक्टरांच्या गाडीत, इंजिनात जादा हवा ढकलणाऱ्या सुपरचार्जरचा दाब कधी पूर्ण भरायचा, कधी मध्येच पडायचा. मागच्या आठवड्यात मी त्यांच्यासमोरच आमच्या जुन्या मेकॅनिकला, अण्णांना, सुनावलं, "सुपरचार्जर फिरवणारा बेल्ट सैल बसवलात तुम्ही." ते एवढंच म्हणाले, "बेल्ट ठीक आहे. एकदा धूर सोडून हवेची गळती बघू." मी ऐकलं नाही. नवा बेल्ट घातला, तरी दाब तसाच.

आज पाइपात धूर सोडला, तर तो दाब सांभाळणाऱ्या व्हॉल्व्हच्या रबरी नळीतून निघाला. नळी खालून चिरलेली. पकडीने दाबून ती मीच बसवली होती. अण्णांनी चीर पाहिली, माझ्याकडे पाहिलं नाही. नळी बदलली आणि दाब स्थिर झाला.

गाडी न्यायला आलेले डॉक्टर म्हणाले, "अण्णा, पुढच्या वेळी बेल्ट नीट बसवा." आणि मी नुसती किल्ली पुढे केली. का? ती चीर काय मला दिसली नव्हती?

आत्ता डॉक्टरांना फोन करून खरं सांगितलं. ते हसले. पण अण्णांचं काय? 'उद्या बोलेन' असं लिहिलं आणि खोडलं. कसब्यात अण्णांचं घर, चालत दहा मिनिटं. निघतो.