इंजिन साफ हाय

चि. अझहर,

नुजहतची कंबर कशी आहे? जोयाचा खोकला थांबला का? तुझा गुडघा? इथं तुझी भाभी ठणठणीत आहे. मीही बरा आहे, असंच लिहिणार होतो.

काल नेसरीचं एक पावणं जीप घेऊन आलं. मी नेहमीसारखं स्क्रू ड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि म्हटलं, "इंजिन साफ हाय."

पावणं पार फाटकापाशी उभं होतं. म्हणालं, "मिस्त्री, टकटक मला हितं ऐकू येतीय की."

ह्याच कानाच्या गुर्मीत मी तुझ्या इंजिन तपासायच्या स्कॅनरला खेळणं म्हटलं आणि तू आपलं गॅरेज सोडून पुण्याला गेलास. आता तेच खेळणं डोक्यातनं जात नाही. त्याला दुखणं कळतं कसं? ते जे दाखवतं, ते वाचायला कान लागत नाहीत ना? साठीच्या माणसाला शिकवशील?

आधीची दोन पत्रं पान्यांच्या पेटीतच पडून आहेत. हे टाकलंच, तर लवकर उत्तर लिही. फोन करू नकोस. तू काय म्हणालास ते भाभीला विचारावं लागेल, आणि तिला मी अजून सांगितलेलं नाही.

तुझा,
दस्तगीरभाई