एम्मेटच्या सात सुऱ्या

३ ऑक्टोबर
सकाळी मिस आयडेला स्ट्राउड यांच्याकडे (इकडे मानाने लग्न झालेल्या बाईलाही मिसच म्हणतात). त्यांच्या नवऱ्याला, एम्मेटला, जाऊन सात महिने झाले. त्याने विकायला न काढता स्वतःपाशी ठेवलेल्या सात सुऱ्या त्यांना मुलीकडे, कॉरीनकडे, ऑरेगनला पाठवायच्यात. एम्मेटच्या हातची सुरी मिळावी म्हणून लोक तीन-तीन वर्षं नंबर लावून बसायचे. आता तो नंबर कधीच लागणार नाही. या सात म्हणजे सोनंच.
कशा पाठवाव्यात याचा घोळ चालला होता. मी म्हटलं, मिस आयडेला, हे माझ्यावर सोडा. अकरा वर्षं दर शनिवारी मी त्याच्या भट्टीपाशी बसलोय. एम्मेटला माझ्याइतका जवळचा माणूस नव्हता (हे बोललो नाही, पण त्यांना ठाऊक असणारच). त्या म्हणाल्या, बरं, व्हर्जिल.

४ ऑक्टोबर
पॅकिंग: दोन तास. प्रत्येक सुरी वेगळी गुंडाळली, बॉक्समध्ये बॉक्स, वर तीन पदरी टेप.
रेडबड पार्सलच्या काउंटरवर डार्लीनने विचारलं, आत काय? मी म्हटलं, बागेची अवजारं. विमा? नको म्हटलं. विमा उतरवला की चोराचे कान टवकारतात. डार्लीन म्हणाली, बागेच्या अवजारांना इतकी टेप? हसलो आणि विषय बदलला. कमालीची गुप्तता पाळली.
घरी येऊन फक्त आपल्या सुरीसंग्राहकांच्या ग्रुपवर फोटो टाकले. सातही सुऱ्या ओळीने, मग बंद बॉक्स. तिथे सगळी जाणती मंडळी. अकरा जणांनी ‘वा’ लिहिलं.

९ ऑक्टोबर, दुपारी १२.१०
कॉरीनचा फोन. बॉक्स मिळाला. आत रद्दी आणि कुत्र्याच्या खाण्याचे चार डबे.
मी म्हटलं, नीट बघ, डब्यांच्या खाली असतील. ती म्हणाली, मिस्टर टॅकेट, डब्यांच्या खाली पुठ्ठा आहे.

१२.४०
पुन्हा फोन केला. म्हटलं, आईला इतक्यात सांगू नकोस. दहा दिवस दे, सुऱ्या तुझ्या दारात आणून ठेवतो. ती म्हणाली, तुम्ही म्हणता तर.
दुपारचं जेवलो नाही. पण डोकं शांत ठेवलं. कुत्र्याचं खाणं, म्हणजे चोराकडे कुत्रा आहे. तपासाला तास झाला नाही आणि निम्मा देश वगळला.

१० ऑक्टोबर
कंपनीला फोन. पन्नास मिनिटं होल्डवर बासरी ऐकली. मग एक मुलगी आली आणि म्हणाली, तुमच्या अर्जात बागेची अवजारं लिहिलंय, खुरपी हरवली का? सुऱ्या, असं सांगितलं. ती म्हणाली, मग अर्जात खोटं का लिहिलंत? हे लोक मुद्दाम फाटे फोडतात.
बर्निसला सांगावं लागलं. ती म्हणाली, आत्ता उठ आणि आयडेलाकडे जा. बायकोला तपासातलं काही कळत नाही.

१२ ऑक्टोबर
डार्लीनकडे तीन कुत्रे आहेत. हे इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर होतं.
काउंटरवर सहज गप्पा मारता मारता विचारलं, तुझे कुत्रे डब्यातलं खातात की पिशवीतलं? ती म्हणाली, का? म्हटलं, असंच. मग वजन करायचा काटा बरोबर आहे का विचारलं. मग चार तारखेला ती घरी किती वाजता गेली ते. ती हातातलं काम खाली ठेवून म्हणाली, व्हर्जिल, तू आणि माझा नवरा एका वर्गात होतात, म्हणून मी हे ऐकलंच नाही असं समजते.
घाबरल्यासारखी वाटली. किंवा चिडल्यासारखी.

१३ ऑक्टोबर
मिस आयडेलांनी बोलावलं. पोचलं का? म्हटलं, वाटेत वायोमिंगमध्ये बर्फ पडलाय, गाड्या अडकल्यात. त्या म्हणाल्या, असं का. मग त्यांनी पीकन पाय कापला, अक्रोडासारख्या दाण्यांचा तो गोड पदार्थ. दोन तुकडे खाल्ले. खोटं असं बोललो नाही. वायोमिंगमध्ये बर्फ पडतोच.
निघताना म्हणाल्या, तू बारीक झालास रे.

१६ ऑक्टोबर
सापळा! दुसरं पार्सल: आत चालू फोन, तो कुठे आहे ते कॉम्प्युटरवर दिसतं. बॉक्सवर ठळक अक्षरात लिहिलं, मौल्यवान सुऱ्या, जपून हाताळा. पत्ता मेम्फिसचा, मेव्हणीचा. चोर वाट वाकडी करेल की मी त्याच्या दारात. पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवला, पेपरवाले फोटो काढतील.

१९ ऑक्टोबर
पार्सल मेम्फिसला सुखरूप पोचलं. एक दिवस आधीच. मेव्हणीने फोन करून विचारलं, व्हर्जिलचं बरं आहे ना? बर्निस म्हणाली, माझा फोन तिकडे कसा गेला तेवढं आधी सांग.
दहा दिवस आज संपले.

२० ऑक्टोबर
आपल्याकडची पार्सलं आधी जातात त्या रेडबडच्या लिटल रॉकमधल्या डेपोसमोर गाडी लावून दुर्बीण घेऊन बसलो. सकाळी आठ ते अकरा. बॉक्स, बॉक्स आणि बॉक्स. चोर ओळखायचा म्हणजे नेमकं काय बघायचं हे ठरवायचं राहून गेलं होतं. रखवालदार आला, त्याने मला कागदी कपात कॉफी दिली आणि म्हणाला, काका, आता घरी जा. आवाज इतका मऊ होता की मला तिथेच रडू आलं. ॲलर्जी असणार, या दिवसांत हवेत काहीतरी असतं.
कॉरीनकडे अजून दहा दिवस मागितले. ती म्हणाली, तुमचं तुम्ही बघा.

२७ ऑक्टोबर
झोप नाही. वजन अकरा पौंड उतरलं (हे एक चांगलं झालं).
टल्सा शहरात एकाकडे एम्मेटच्या दोन सुऱ्या आहेत. विनवण्या केल्या. तो म्हणाला, घर विकीन पण त्या नाही. मग दुपारी एक विचार आला. तशाच घडणीच्या, शिंगाच्या मुठीच्या सात सुऱ्या दुसऱ्या कोणाकडून करून घ्यायच्या आणि एम्मेटच्या म्हणून कॉरीनला द्यायच्या. एम्मेट सुरीवर नाव कोरायचा नाहीच, कोणाला कळणार? टेक्सासमधल्या एका कारागिराला कॉम्प्युटरवर पत्रही लिहायला घेतलं.
बर्निस मागे उभी राहून वाचत होती. पत्र पुसून टाकलं. तसंही मी पाठवणार नव्हतो. बहुतेक नव्हतो.

१ नोव्हेंबर
मिस आयडेला पुन्हा. आता काय झालं? माझ्या तोंडून निघून गेलं, कस्टममध्ये अडकलंय. त्या म्हणाल्या, कस्टम? आपल्याच देशात, आर्कान्सा आणि ऑरेगनच्या मध्ये? मी म्हटलं, नवीन नियम. त्यांनी मान डोलावली आणि पीकन पायचा तुकडा पुढे केला. त्या भोळ्या आहेत म्हणून बरं.

५ नोव्हेंबर
रेडबडचा तपासनीस घरी आला. क्विंबी नावाचा, ठेंगणा, सारखा चष्मा पुसणारा. त्याने विचारलं, बॉक्समध्ये काय आहे हे कोणाकोणाला माहीत होतं? मी म्हटलं, कोणालाही नाही, मी तोंडाला कुलूप लावलं होतं.
त्याने एक कागद टेबलावर ठेवला. ग्रुपवरचा माझाच फोटो. लेबल स्वच्छ वाचता येत होतं, नंबर, पत्ता, सगळं. खाली माझंच वाक्य: उद्या दुपारच्या गाडीने निघतंय, मंडळी. लिटल रॉकच्या डेपोतला एक हमाल वेगळ्या नावाने ग्रुपवर होता. त्या अकरा ‘वा’मधला एक त्याचा. त्याच्या घरी काही सुऱ्या सापडल्या, बाकीच्या विकून झाल्या होत्या. कुत्रा नाही त्याच्याकडे. डबे स्वस्तात मिळाले होते.
मी म्हटलं, एक कृपा करा, मिसेस स्ट्राउडना मला माझ्या पद्धतीने सांगू द्या. क्विंबी चष्मा पुसत म्हणाला, त्यांच्याकडे मी कालच जाऊन आलो. त्या म्हणाल्या, व्हर्जिल सांगेल तेव्हा सांगेल.

६ नोव्हेंबर
गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं, बर्फ, कस्टम, सगळं. त्या म्हणाल्या, कॉरीनने त्याच दिवशी कळवलं होतं मला. मी विचारलं, मग बोलला का नाहीत? त्या म्हणाल्या, वाट बघत होते. सुऱ्या गेल्याचं वाईट वाटलंच, व्हर्जिल, पण तू माझ्या टेबलाशी बसून, माझ्या हातचं खात ते बोलत होतास.
मी म्हटलं, निदान सुऱ्या ओळखायला तरी मला येऊ द्या. त्याच्या हातचं काम मी डोळे मिटून सांगेन. त्या म्हणाल्या, ये.

१२ नोव्हेंबर
शेरीफच्या ऑफिसात लांब टेबलावर वीस सुऱ्या मांडल्या होत्या. बऱ्याच जणांचं चोरलेलं होतं. मला आधी बोलावलं. एक-एक उचलली, उजेडात धरली, पात्याची नक्षी बघितली. चार बाजूला काढल्या. म्हटलं, या एम्मेटच्या. शपथेवर सांगतो. शेरीफच्या हाताखालच्या डेप्युटीने लिहून घेतलं.
मग मिस आयडेला. माझ्या चारांकडे त्यांनी पाहिलंही नाही. टेबलाच्या कडेने चालत गेल्या, प्रत्येक पात्याच्या पाठीवरून नुसता अंगठा फिरवत. दोन ठिकाणी थांबल्या. डेप्युटीने विचारलं, कशावरून? त्या म्हणाल्या, पाठीची कड टोकदार राहिली की कापताना माझा अंगठा दुखायचा, म्हणून तो इथे घासून गोल करायचा. सगळ्याच सुऱ्यांची, विकायच्या असल्या तरी. डेप्युटीने बोट फिरवून पाहिलं. माझ्या चारही कारखान्यातल्या निघाल्या, त्यातल्या एकीवर बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही होतं.
अकरा वर्षं. अंगठा फिरवून मी कधी पाहिलंच नव्हतं. तो घासत असायचा आणि मी बोलत असायचो.

१९ नोव्हेंबर
दोन सुऱ्या घेऊन मिस आयडेला आज बसने ऑरेगनला गेल्या. मी विमानाचं सुचवणार होतो, मग गप्प बसलो. स्टँडवर सोडायला गेलो, एवढं मात्र त्यांनी करू दिलं. डिकीतली बॅग उचलायला वाकलो तर त्यांनीच आधी उचलली.
ड्रायव्हरने विचारलं, हा मुलगा का तुमचा? त्या म्हणाल्या, नाही. शनिवारी आमच्याकडे यायचा.