पाचवा महिना लागल्यावर

प्रिय प्रांजल,

पत्र बघून दचकू नकोस, कुंडलला सगळे ठणठणीत आहेत. तुला पाचवा महिना लागल्याचं वीरधवलने परवा फोनवर सांगितलं आणि लगेच म्हणाला, "आई, एवढ्यात सांगलीला येऊ नको, प्रांजल नको म्हणतेय." का, ते मी विचारलं नाही. मला ठाऊक आहे. पण सासूचं तोंड, गप्प बसेल तर शपथ! म्हणून कागदावर बोलते.

आता उलट्या थांबल्या असतील आणि भूक अशी लागेल, की जेवून हात धुवायच्या आत पुन्हा डबे उघडशील. खुशाल उघड. मागच्या खेपेस दुसरी भाकरी घेताना तू आधी माझ्याकडे बघायचीस, ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते. झोपेत पोटरीत गोळा आला तर वीरधवलला उठव आणि पाय चोळून घे. मी त्याच्या वेळी तुझ्या सासऱ्यांना उठवलं नाही, त्याचा मला अजून राग येतो. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नकोस. आरोग्य केंद्राची आशाताई म्हणाली, "आवं काकी, च्यानं गोळीचा गुण निम्मा जातोय." आणि मी तर तुला त्या गरम पडतात म्हणून बंदच करायला लावल्या होत्या. शहाणपण उशिरा आलं, पण आलं बाई.

आणि एक दिवस बसल्या जागी पोटात काहीतरी फडफडेल. आधी वाटेल, गॅस झालाय. वीरधवलच्या वेळी मी दोन दिवस ओवा खाल्ला होता! तिसऱ्या दिवशी हळदीत खुरपताना एकदम उमगलं, तशी खुरपं टाकून सरीतच बसले आणि एकटीच हसत सुटले. तुलाही तसं हसायला मिळू दे, एवढंच रोज देवापुढे मागते. भीती वाटेल. मागच्या वेळी याच महिन्यात गेलं, म्हणून तू एकेक दिवस मोजत असशील. मीही मोजते. गुरुवारी सोनोग्राफी आहे ना?

आता जे लिहायला बसले ते लिहिते. दोन वर्षांपूर्वी नागपंचमीला शिराळ्याहून परतणारे आठ पाहुणे अचानक जेवायला उतरले. त्या दिवशी काही चिरायचं नसतं म्हणून तू बिचकलीस. मीच विळी तुझ्यापुढे सरकवली आणि म्हटलं, चीर कोबी, काही होत नाही. पंधरा दिवसांनी बाळ गेलं. यात कुणाचीच चूक नसते, हे डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं. तरी शेजारची धोंडुबाई विचारपूस करायला आली, तेव्हा मी म्हणाले, "पंचमीला चिरत बसली, सांगून ऐकत न्हाई." लोक मला बोलतील म्हणून घाबरले आणि तुला पुढे केलं. तू आतल्या खोलीत पडून ऐकलंस. मला उलटून बोलली नाहीस, वीरधवललाही सांगितलं नाहीस. काल भजनाला गल्लीतल्या सगळ्या जमल्या होत्या, तिथे मी उभी राहून खरं काय ते सांगितलं. धोंडुबाई म्हणाली, "दोन वर्सं गिळून बसलीस व्हय गं?" त्यांच्यासमोर कबूल केलं, तेव्हा कुठे तुला लिहायला तोंड झालं. प्रांजल, मला माफ कर. गुरुवारी बोलावलंस तर पहिल्या एसटीने निघते. नाही बोलावलंस तर घरी बसून फोनची वाट बघेन, पण रुसणार नाही.

तुझीच,
संयोगिता
(आई म्हणावंसं वाटेल तेव्हा म्हण, घाई नाही.)