शून्य लिटरची सरासरी

मंगळवार, ५ ऑगस्ट २०२५
शिवनाम घेऊन प्रोग्राम पुरा केला. वय एकोणपन्नास, शिक्षण गावच्या शाळेत, बाकी यूट्यूब. आमच्या दूध डेअरीत प्रत्येकाचं लिटर आणि फॅट टाकायचं, बटन दाबलं की गावाची सरासरी फॅट. शेवटी एकूण लिटरने भागायचं, बस. सिंधुबाई बारा वर्षं हेच वहीत करतात. पाऊण तास लागतो.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
चेअरमन आप्पारावांच्या टेबलावर बंद पाकिटात अर्ज ठेवला: प्रोग्राम सुरू झाल्यावर वहीचं काम, म्हणजे सिंधुबाईंचं, बंद करावं. मनाला वाईट वाटलं. पण मी सचिव. योग्य वेळी बाईंना मीच समजावून सांगेन. तोवर त्यांना कळायचं कारण नाही. संध्याकाळी त्यांनी चहा दिला. घेतला.

रविवार, १० ऑगस्ट
बिभीषणच्या दुधाची फॅट टाकायची राहिली, नुसतं एंटर दाबलं. प्रोग्राम बंद. चाळीस जणांची नोंद गेली. बिभीषण लाईनीतून ओरडला, सचिव, मशीन उपाशीच झोपलं का बे? सचिवाला बे!
मुलगी रुद्राणी बीडला कॉम्प्युटर शिकते. फोनवर म्हणाली, अण्णा, रिकामं आलं तर काय करायचं ते प्रोग्रामला सांगावं लागतं. अन् लिटर शून्य आलं तर भागाकार होत नाही, तेही बघा.
पहिल्यावर उपाय केला. स्क्रीनजवळ चिठ्ठी चिकटवली: रिकामे एंटर दाबू नये. दुसऱ्याची गरज नाही. माझीच म्हैस रोज चार लिटर देते. शून्य येईल कुठून?

गुरुवार, १४ ऑगस्ट
चिठ्ठी लावणारा मी, रिकामं दाबणाराही मीच. दोनदा. चष्म्याचा नंबर वाढला असणार.
संचालक मंडळाला प्रोग्राम दाखवायला सोमवार ठरवला. शेवटचा श्रावणी सोमवार. याहून चांगला दिवस कोणता?

सोमवार, १८ ऑगस्ट, पहाटे
घरचं सगळं दूध महादेवाला पाठवलं. मन प्रसन्न.

तोच दिवस, दुपार
शेवटच्या श्रावणी सोमवारी आमच्या गावात कुणी डेअरीला दूध घालत नाही. सगळं देवळात, अभिषेकाला आणि खिरीला. हे मला लहानपणापासून माहीत आहे.
मंडळ बसलं. बटन दाबलं. शून्य भागिले शून्य. लाल अक्षरं. आप्पाराव म्हणाले, आज दूध न्हाई एवढंच सांगायचं, मग ते बोंबलतंय कावून? सगळे हसले. सिंधुबाई हसल्या नाहीत. त्यांच्या वहीत आडवी रेघ, पुढे 'दूध देवळात'. युसूफ वडगावच्या टँकरवाल्याला त्यांनी कालच फोन केला होता, उद्या येऊ नको म्हणून.
विजेचा दाब कमी आहे, असं मी सांगितलं. कपाळावरची विभूती अजून ओली होती.

मंगळवार, १९ ऑगस्ट
रुद्राणीने दोन ओळी सांगितल्या: लिटर शून्य असेल तर भागू नकोस, 'आज दूध नाही' म्हण. पाच मिनिटं लागली.
अर्ज मागे घेतो, असं लिहून पाकीट बंद करून डेअरीत गेलो. आप्पाराव नव्हते. सिंधुबाईंनी पाकीट घेतलं, फोडलं, वाचलं, आवक वहीत चढवलं.
मी चाचरत विचारलं, तुम्ही कसं उघडलं? त्या म्हणाल्या, चेअरमनच्या टेबलावरचं टपाल उघडून नोंदवायचं काम माझंच हाय, अण्णा. आठ तारखेचं पण मीच नोंदवलं.
मग म्हणाल्या, पोच देऊ का?
मी मानेनेच हो म्हणालो.