चांदणीला न सापडलेल्या वन्सं

वाळूज, मे २०१६

ती. वन्सं,

पत्रातनं जेवढं वाकता येतं तेवढं वाकून पाया पडते. तुमचा गुडघा कसा आहे, म्हैस दूध देती का, समदं कळवा. इकडं मी आजी झाले म्हणून माझे पाय जमिनीवर नाय, आणि तुम्ही फोन उचलत नाय म्हणून जीव थाऱ्यावर नाय. (शाळा दुसरीपर्यंतच झाली, तवा अक्षराला हसू नका.)

जीपवाल्या सर्जेरावाकडनं तुमचा निरोप पोचला, "बारशातनं आमचं नाव कापलं म्हणावं." वन्सं, कापलं नाय. कापायला ते आधी असावं लागतं. कसं झालं ते सांगते.

आमच्याकडं टँकर आठवड्यातनं एकदा. (नव्या बिल्डिंगी एवढ्या उठल्या की जुने बोअर कोरडे ठाक.) म्हणून टँकर येईल त्या दिवशीच बारसं, असं ठरलं. निरोप ऐनवेळी धाडायचे. मी एकेकीला फोन लावायला बसले, तर तुमचा भाचा कृष्णा म्हणाला, दे इकडं, शेल स्क्रिप्ट लिहितो (म्हणजे कॉम्प्युटरला लेखी हुकूम). फोनमधली सगळी नावं त्यानं कॉम्प्युटरात ओळीनं मांडली, फळीवर डबे मांडावेत तशी. त्या फळीला तो अ‍ॅरे म्हणतो. एकेक डबा उघडून बघायचा नाय, नुसता नमुना सांगायचा. जुळतील तेवढे डबे आपोआप खाली, आणि तेवढ्यांनाच निरोप. मला विचारलं, बायका कशा ओळखू? मी म्हणाले, आपल्यात नावाच्या शेवटी बाई असतं. त्यानं आधी चांदणी काढली, मग बाई लिहिलं. चांदणीच्या जागी काहीबी चालतं म्हणे. मला लई कौतुक वाटलं. दिवसभराचं काम चुटकीत.

मग काय, शेजारच्या चतुराबाई आल्या. पोळ्यावाली बाई आली, लस टोचणारी बाई आली, टँकरचे नंबर लिहिणारी बाईबी आली (घुगऱ्या मागून मागून खाल्ल्या, टँकर काय लवकर आला नाय). केसरबाई दिवाळीत गेली, पण तिचा नंबर पुसायला माझं बोट धजलं नव्हतं. तिच्या फोनवर निरोप गेला, आणि तिचा नवरा कडुबा धुतलेलं धोतर नेसून दारात उभा. म्हणाला, "तिला बोलावणं होतं, मग म्हटलं कुणीतरी जावं." त्याच्या ओंजळीत मी घुगऱ्या दोनदा घातल्या.

आणि पाळण्यापाशी तुम्ही नाय. कृष्णाला बहीण नाय, म्हणून आत्याचा मान तुमचाच. त्याचंबी नाव तुम्हीच ठेवलेलं. जीप चुकली असंल म्हणून थांबलो. शेवटी कृष्णानं कॉम्प्युटर उघडला, खालवर बघितलं, आणि हळूच विचारलं, "आई, आत्याचं नाव तू फोनमध्ये काय घातलंय?"

काय घालणार? वन्सं. लग्न होऊन आले तवापासून नणंदेचं नाव तोंडातनं काढलं नाय, ते बोटातनं कसं काढू? परक्या बायांची नावं बेधडक घातली, आणि मानाचं माणूस मानापायीच बाहेर राहिलं. चांदणीचा दोष नाय, तिला सांगितलं तेवढं तिनं केलं. मीच एक फोन करायचा होता. यंत्राची हौस नडली.

चतुराबाई म्हणाल्या, मी ठेवते की नाव. मी पाळण्याची दोरी सोडली नाय. घुगऱ्या खाऊन बाया गेल्या, लेकरू बिननावाचंच राहिलं. सूनबाई संस्कृती त्याला पिल्लू म्हणते, कृष्णा साहेब म्हणतो. ते दोन्हीला हसतं.

तुमची,
आवडा

ता.क. कृष्णानं नमुना बदलून नुसतं वन्सं शोधलं. अख्ख्या फळीवरनं एकच नाव खाली आलं.

दुसरा ता.क. पुढचा टँकर गुरुवारी, पण त्याचा भरवसा नाय. तुमच्या हापशाला पाणी असंल तर येताना दोन कॅन आणाल का? लेकराच्या अंघोळीपुरतं.

तिसरा ता.क. वरचं खोडायचं राहिलं. कॅन राहू द्या, मोकळ्या हातानं या. पाकिटावर तुमचं नाव संस्कृतीनं लिहिलंय. ती लिहीत होती तवर मी भिंतीकडं तोंड करून उभी होते.