जिंकलो, पण घंटा नकोत

क्रिमिया, सप्टेंबर १८५५

प्रिय हॅरिएट,

खोकला कमी आहे. तू विणलेले मोजे रोज घालतो. तुझे गुडघे कसे आहेत?

आपण जिंकलो. राणीसाहेब मला पदक देणार म्हणे.

माझ्या फौजेत भरती झालेले आपल्या गावच्या चर्चचे सहा घंटावाले एका तालात दोर ओढतात, म्हणून तोफ चढावर ओढायला मीच त्यांना निवडलं. म्हातारा सायलस म्हणाला, "जनरलसाहेब, ही घंटा भलतीच जड हो!" सगळे हसले. तेवढ्यात त्यांच्यावर गोळा पडला.

विजयाची बातमी पोचली की पाद्रीबाबा घंटा वाजवायला सांगतील. त्यांना सांग, दोर धरायला कुणी उरलं नाही.

त्या सहा घरी तू स्वतः जा. बग्गी नेऊ नकोस, चालत जा.

तुझाच,
लायोनेल