अकरा डब्यांची गाडी आणि बारा फुटांची खोली

आदरणीय व्याहीबुवांना,

दोन्ही हात जोडून (एका बोटाला पट्टी आहे, कारण पुढे येईलच) सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे, झोप लागते का, आणि दुपारचं जेवण गरम करून नीट बसून जेवता की उभ्या उभ्या उरकता, हे तीन प्रश्न तुमच्या लेकीने विचारायला सांगितले आहेत. फोनवर तुम्ही तिला 'बरंय' एवढंच म्हणता आणि फोन ठेवता. मग ती स्वयंपाकघरात भांडी जरा जोरात ठेवते आणि आम्ही सगळे शहाण्यासारखे गप्प बसतो. विहीणबाई गेल्यापासून तुम्ही त्या घरात एकटे आहात, आणि इकडे या म्हटलं की 'मुलीच्या घरी किती दिवस राहायचं' म्हणून दोन दिवसांत बॅग भरता. याची तिला काळजी आहे. खरं सांगायचं तर मलाही आहे. बाकी आम्ही सगळे खुशाल आहोत, आणि माझ्या खुशालीला तुम्ही कारणीभूत आहात, म्हणून हे पत्र.

दवाखाना बंद केल्यापासून मी घरात नुसता या खोलीतून त्या खोलीत फिरत होतो. (निवृत्त दंतवैद्याचे हाल कोणाला कळत नाहीत. समोरचा माणूस बोलायला तोंड उघडतो आणि आपण सवयीने आत डोकावतो.) अशात तुमची खोकी आली. 'आता माझ्या काय उपयोगाची' असा निरोप देऊन तुम्ही वर्षानुवर्षं खपून हातांनी केलेली ती छोटी आगगाडी, सोबतची मालगाडी, त्यांची इंजिनं, रूळ, सांधे, सगळं माझ्या स्वाधीन केलंत. ज्या माणसाने लहानपणी किल्लीची मोटारसुद्धा चालवली नाही, त्याच्या! त्या दिवसापासून मला सकाळी उठायला कारण आहे. तुमचे आभार कोणत्या शब्दांत मानावेत कळत नाही, म्हणून आधी घातलेले घोळ सांगतो.

मागची खोली रिकामी केली. (चिरंजीवांनी सामान उचललं, मी सूचना दिल्या.) गाडी जमिनीवर जोडून मोजली, तर इंजिन आणि अकरा डबे मिळून बरोबर बारा फूट. खोलीची लांबी बारा फूट. मला इतका आनंद झाला की मी लगेच सुताराला बोलावलं आणि भिंतीला लागून बारा फुटांची फळी ठोकून घेतली. सुतार गरीब स्वभावाचा, सांगू ते करतो. गाडी फळीवर ठेवली, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चपखल बसली. आमची ही दारात उभी होती. ती म्हणाली, "छान. आता ही धावणार आहे की नुसती झोपणार आहे?" स्टेशनात आलेल्या गाडीला पुढे कुठेतरी जावंही लागतं, हा बारकावा माझ्या लक्षातच आला नव्हता.

मग चारही भिंतींना कडेकडेने फळ्या टाकल्या आणि गाडी गोल फिरवायची ठरवलं. आत जायला आता फळीखालून वाकून जावं लागतं, आणि या वयात वाकलेला मी लगेच सरळ होत नाही, तो भाग वेगळा. खरी पंचाईत वळणांनी केली. वळण आवळलं की डबे एकमेकांना ढोसत रुळावरून उतरतात, आणि सैल सोडलं की सरळ जागा संपते. दोन गाड्यांनी एकमेकींना ओलांडावं म्हणून स्टेशनात शेजारी दुसरा रूळ टाकला. पण दोन टोकांच्या सांध्यांमध्ये (म्हणजे गाडीला या रुळावरून त्या रुळावर नेणारी ती सरकती जीभ, तुम्हाला काय सांगायचं म्हणा!) जेमतेम आठ डब्यांची जागा उरली. म्हणजे इंजिन फलाटावर ऐटीत उभं, आणि शेपटीचे डबे बाहेर मुख्य वाटेवर लोंबकळत. मी ते विसरून मालगाडी सोडली. तिने शेवटच्या डब्याला अशी धडक दिली की तो हवेत उडाला. मी झेलला. डब्याला ओरखडा नाही, बोट मात्र खिळ्यावर आपटलं. पट्टी ती.

घरात सगळ्यांनी एकच सल्ला दिला, तीन-चार डबे काढून टाका. सल्ला माझ्याच धंद्यातला. तोंडात जागा नाही? काढा दाढ. आयुष्यभर मी दुसरं केलं काय! पण कोणता डबा काढावा हे ठरवायला मी भिंग घेऊन बसलो आणि खिडक्यांतून आत पाहिलं. विहीणबाईंनी इतक्या बारीक कुंचल्याने खिडक्याखिडक्यांत माणसं रंगवली आहेत, हे तुम्ही कधी बोलला नाहीत. दुसऱ्या डब्यात दोन वेण्यांची तुमची लेक. पाचव्यात तीच, चष्मा लागलेली, नाक पुस्तकात. आणि नवव्या डब्यात आ वासून झोपलेला एक टकला गृहस्थ, शेजारी त्याला कोपराने ढोसणारी बाई. आमच्या हिने एका नजरेत ओळखलं. मुलांच्या लग्नात मी खुर्चीत बसल्या बसल्या घोरलो होतो, ते विहीणबाई विसरल्या नव्हत्या. आम्हाला न सांगता त्यांनी आम्हाला तुमच्या गाडीत जागा देऊन ठेवली होती. तो डबा हातात घेऊन मी रडलो. हे घरात कोणाला ठाऊक नाही, तुम्हाला सांगतो. तेव्हा डबे अकराच्या अकरा राहणार, यावर आता चर्चा बंद आहे.

मालगाडीही तेवढीच लांब, तीही तोडायची नाही. मग उपाय एकच उरतो. एका गाडीचे मागचे डबे बाहेर सोडायचे, पुढचे आत घ्यायचे, दुसरी गाडी थोडी पुढे, थोडी मागे करत पलीकडे काढायची आणि सुटलेले डबे आणून परत जोडायचे. यासाठी दोन्ही टोकांच्या सांध्यांवर एकाच वेळी माणूस हवा. तुमच्याकडे व्हरांड्याच्या एका टोकाला तुम्ही आणि दुसऱ्या टोकाला विहीणबाई उभ्या असायच्या, असं तुमच्या लेकीने सांगितलं. इथे मी आमच्या हिला उभं केलं. तिने दवाखान्यात आयुष्यभर कापूस धरला आहे, हुकूम पाळायची सवय असेल असं मला वाटलं. पण ती माझा प्रत्येक हुकूम आधी स्वतःला पटवून घेते, आणि तोवर गाडी येऊन आपटते. तिसऱ्या टकरीनंतर तिने राजीनामा दिला. एकट्याने करून पाहिलं, तर एका टोकाकडून दुसऱ्याकडे पळताना गुडघे फळीत अडकले आणि सूनबाईने पायाला धरून ओढून काढलं. ती हसत होती. खूप दिवसांनी इतकी हसली, म्हणून मी जरा जास्त वेळ अडकून राहिलो.

तर व्याहीबुवा, तुम्ही मला नुसती गाडी दिली नाहीत. घरात पुन्हा आरडाओरडा आहे, भांडणं आहेत, जेवायला बसल्यावर बोलायला विषय आहे. तुमचे उपकार मी विसरणार नाही. प्रकृतीला जपा आणि जेवण गरम करून घेत जा.

आपला,
नवव्या डब्यात झोपलेला

ता. क. हे आभाराचं पत्र नाही, बोलावणं आहे, हे तुम्ही एव्हाना ताडलं असेलच. पाहुणे म्हणून येऊ नका, पाहुण्यांना आमच्याकडे वेळ नाही. दुसऱ्या टोकाच्या सांध्यावर माणूस नाही, त्या जागेवर या. किती दिवस, हे विचारायचं नाही. खाट त्याच खोलीत टाकली आहे, उठताना डोकं सांभाळा.

पुन्हा ता. क. आमची ही म्हणते, मुलीच्या घरी राहायला संकोच वाटत असेल तर माझ्या घरी राहायला या. पत्ता तोच आहे.

शेवटचं ता. क. एक गोष्ट दडवणार होतो, पण तुम्ही खोलीत पाऊल टाकताच ओळखाल, म्हणून मीच सांगतो. काल खिडकीशी उभा असताना सुचलं, की शेजारचा रूळ सरळच असला पाहिजे असं कोण म्हणतं? तोच कोपऱ्यातून वळवून पुढच्या भिंतीवर नेला, तर दोन्ही गाड्या सबंध मावतात आणि सगळं काम एक माणूस आरामात करू शकतो. कोपऱ्यात अर्धी फळी जास्त लागेल, एवढंच. संध्याकाळी सुतार विचारायला आला होता, आणखी काही कापून हवं आहे का. मी म्हटलं, नको, आमचा माणूस येतो आहे.